मारियो-कॉन्ट्राच्या त्या धुनी आल्या कुठून

नव्वदच्या दशकात आमच्या परभणी, नांदेड, लातूरकडं जे टीव्ही गेम आले ते बहुतेक निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम (1983) या टीव्ही गेमची नक्कल होते. पिवळी कॅसेट लावली की मारियो नाहीतर कॉन्ट्रा सुरू, आणि धून घरभर. ती धून आजही लई जणांना तोंडपाठ आहे, बांधली कुणी ते मात्र माहीत नाही.

गेमच्या संगीताची सुरुवात 1978 ची, टायटो कंपनीच्या स्पेस इन्व्हेडर्स या गेमपासून धरा. त्यात फक्त चार उतरते सूर, सारखे फिरत राहणारे, पण शत्रू कमी होत गेले की त्यांचा वेग वाढत जातो आणि खेळणाऱ्याची धडधड पण. सिनेमातलं संगीत ठरलेलं असतं, हे तुमच्या खेळण्यावर बदलतं, आणि मला तर हाच खरा शोध वाटतो.

पुढची सगळी कला जागेच्या टंचाईतून आली. 1985 ची अख्खी मारियो गेम 40 केबीत बसवलेली, मग रेकॉर्ड केलेलं गाणं ठेवणार कुठं, म्हणून फक्त सूचना लिहायच्या आणि चिप त्या जागेवर वाजवणार. फॅमिकॉमच्या चिपला चॅनल, म्हणजे एका वेळी वाजणारे वेगवेगळे आवाज, पाचच, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज (खरखर) आणि एक छोट्या सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्यासाठी. पल्सवर चाल, ट्रँगलवर बेस (त्याचा तर आवाज कमीजास्तही करता येत नाही), नॉइजवर ताल. तुळजाभवानीच्या गोंधळात संबळ, तुणतुणं, झांज एवढ्यावर रात्र रंगते ना, तसंच हे. त्यात मारियोनं उडी मारली की एक चॅनल उडीच्या आवाजाला द्यावा लागतो, तेवढ्यात त्याच्यावरचा सूर गायब, तरी चाल तुटल्यासारखी वाटत नाही. हे निन्टेन्डोचा संगीतकार कोजी कोंडो याचं काम, राव. पाण्याखालच्या लेव्हलला त्यानं तीन मात्रांची डोलणारी चाल दिली, आणि वेळ 100 च्या खाली आला की तीच धून पळायला लागते.

तिकडं युरोपात कमोडोर 64 (1982) हा घरगुती कॉम्प्युटर गाजत होता. त्याच्या सिड नावाच्या आवाजाच्या चिपला तीनच आवाज, ती बॉब यान्स यांनी बनवलेली. रॉब हबर्डसारखे संगीतकार संगीत थेट कोडमधे लिहायचे, आणि एकाच आवाजात तीन सूर इतके भराभर फिरवायचे की कानाला कॉर्डच, म्हणजे सगळे सूर एकदम वाजल्यासारखे वाटतात. आपल्याला चिपट्यून, म्हणजे असल्या चिपवरचं संगीत, म्हणून जो थरथरता आवाज ओळखीचा आहे तो यातूनच आला. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेमबॉयवरच्या टेट्रिसची (1989) धून मात्र मूळची रशियन लोकगीताची, हिरोकाझू तनाकानं गेमसाठी बसवलेली.

नावं न कळण्याचं एक कारण जपानमधेच होतं. कॅपकॉमसारख्या कंपन्या आपली माणसं दुसऱ्या कंपन्यांनी पळवू नयेत म्हणून टोपणनावंच छापायच्या. कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर 2 (1991) या गेमचं बहुतेक संगीत योको शिमोमुरा या बाईंचं, गेममधे नाव काय तर शिमो-पी. तिथं बायका संगीतकार बऱ्याच होत्या, हे फार कमी सांगितलं जातं.

2023 ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत मारियोची धून घेतली, व्हिडिओ गेमचं पहिलंच संगीत, आणि ते कोजी कोंडोच्या नावानं.