पार्श्वभूमी : स्वातंत्र्यदेवतेच्या चौथऱ्यातली कविता

अमेरिकेत स्थलांतरितांवरून वाद पेटला की गाडी हमखास न्यूयॉर्कच्या पुतळ्याच्या चौथऱ्यातल्या त्या काशाच्या पाटीवर येते. तिच्यावरच्या चौदा ओळी कवयित्री एमा लाझारसच्या; ‘तुमचे थकलेले, गरीब, मोकळा श्वास घ्यायला आसुसलेले लोक माझ्याकडे द्या,’ असं त्यांत पुतळाच जगाला सांगतो. साखरेच्या धंद्यात गबर झालेल्या ज्यू घराण्यात १८४९ चा जन्म. १८८१ मध्ये झारच्या हत्येनंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि निर्वासितांच्या बोटी न्यूयॉर्कला लागू लागल्या. वॉर्ड्स बेटावरच्या खचाखच भरलेल्या निवाऱ्यात ती जाऊ लागली, इंग्रजी शिकवू लागली. हाताला काम मिळावं म्हणून तंत्रशाळेसाठी खटपट केली आणि साप्ताहिकात लेखमाला लिहून आपल्याच सुखवस्तू समाजाला खडसावलं.

१८८३ मध्ये फ्रान्सकडून भेट येणाऱ्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी निधी गोळा करताना तिच्याकडे कविता मागितली, तेव्हा तिने आधी नकारच दिला. मागणीनुसार कविता पाडणं तिला जमणारं नव्हतं. एका लेखिका मैत्रिणीने बेटावरच्या त्या माणसांची आठवण दिली आणि सुनीत, म्हणजे त्या चौदा ओळींची कविता, लिहून झालं. १८८६ च्या अनावरणात ते कुणी वाचलं नाही. पुढच्याच वर्षी, ३८ व्या वर्षी, ती गेली.

पाटी बसली १९०३ मध्ये, तीही दुसऱ्या एका मैत्रिणीने नेट लावला म्हणून. मूळ कवितेतला एक स्वल्पविराम त्या पाटीवर गळलेला आहे. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका सल्लागाराने नेमकं पाटीवरच बोट ठेवलं: कविता नंतर चिकटवलेली, पुतळ्याशी तिचा संबंध नाही. अर्धं खरं आहे. पुतळ्याची मूळ फ्रेंच कल्पना स्थलांतराची नव्हतीच. पायाशी तुटलेल्या साखळ्या आहेत त्या गुलामगिरी संपल्याच्या. पण पाटी नंतरची असली तरी कविता आधीची. ती लिहिली तेव्हा पुतळा पॅरिसमध्येच होता आणि इथे चौथऱ्याला पैसे पुरत नव्हते. ‘संबंध नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघायचं! २०१९ मध्ये एका अधिकाऱ्याने तर ‘स्वतःच्या पायावर उभे राहू शकणारे’ अशी अट त्या ओळींत घुसडली आणि त्या युरोपातून येणाऱ्यांसाठी होत्या, असंही सांगितलं.

कायदा मात्र कवितेच्या वाटेने कधीच फारसा गेला नाही. चिनी मजुरांना बंदी १८८२ चीच, म्हणजे सुनीताच्या आदल्या वर्षीची. १९१७ मध्ये हिंदुस्थानी लोकांनाही दार बंद झालं, १९४६ मध्ये वर्षाला जेमतेम १०० जणांची सोय झाली. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर मोठ्या संख्येने तिकडे जाऊ लागले ते १९६५ च्या कायद्यानंतर.