कॅमेरा नेमका कुठे उभा होता?

रामटेकच्या अंबाळा तलावाकाठून टिपलेले गडाचे जुने छायाचित्र हाती आले आणि तेच दृश्य आज पुन्हा टिपायचे ठरले, तर कॅमेरा कोणता घ्यावा यापेक्षा मूळ छायाचित्रकार नेमका कुठे उभा होता, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. लेन्स बदलल्याने चौकटीत किती भाग मावतो एवढेच बदलते. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला झाकते, हे मात्र केवळ उभे राहण्याच्या जागेवर ठरते.

समजा, २० मीटरवर एक झाड आहे आणि २ किलोमीटरवर डोंगर. आपण १ मीटर बाजूला सरकलो, तर झाड जवळपास ३ अंशांनी, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या सुमारे सहापट सरकलेले दिसते, तर डोंगर जेमतेम ०.०३ अंशाने. याला पराशय म्हणतात. जुन्या चित्रात देवळाच्या कळसाखाली घाटाच्या पायरीची जी कड येते, ती तशीच जुळेपर्यंत डावीउजवीकडे आणि मागेपुढे सरकत राहिले की मूळ जागा सापडते. मोबाइलमधील जीपीएसची चूक उघड्या आकाशाखालीही काही मीटरची असू शकते. अशा जुळणीपुढे ते तोकडे पडते.

जर्मन गणिती सेबास्टियान फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्प्समधील हिमनद्यांची अशी छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. ठरलेल्या जागेवरून पुन्हा टिपलेल्या चित्रांतून हिमनदी किती मागे हटली, हे मोजता येते.

आपल्याकडे ऋतू फसवतो. मे महिन्यातील निष्पर्ण सागवान आणि ऑक्टोबरमधील हिरवे रान शेजारी ठेवले, तर जंगल वाढल्याचा भास होईल. तलावाच्या पाण्याचेही तसेच. म्हणून महिना जुळवणे मला जागेइतकेच आवश्यक वाटते. वेळेसाठी घड्याळापेक्षा सावली विश्वसनीय ठरते, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नागपूर सुमारे ७९.१ अंशांवर असल्याने येथील माध्यान्ह सरासरी १४ मिनिटे उशिरा येते. फेब्रुवारीच्या मध्यास ती १२ वाजून २८ मिनिटांच्या आसपास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ च्या किंचित आधी असते. ही प्रमाणवेळ १९०६ पासूनची आहे, त्यामुळे त्याआधीच्या छायाचित्रामागे लिहिलेली वेळ स्थानिकही असू शकते.

आज छायाचित्र घेणाऱ्याने तारखेबरोबर कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि चित्रात एकमेकांना टेकलेल्या दिसणाऱ्या जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या किमान दोन जोड्या लिहून ठेवाव्यात. त्यांतील जवळची वस्तू झाड नसावी, दगडी बांधकाम असावे.