बुटकं सूर्यफूल (कुंडीतलं आणि बागेतलं)

बुटकं सूर्यफूल ही काही वेगळी वनस्पती नाही. लातूर-सोलापूरकडे तेलासाठी पेरतात तेच हेलिअँथस ॲन्यूअस, झेंडू-शेवंतीच्याच कुळातलं, फक्त निवड आणि संकर करत करत त्याची उंची फूट-दीड फुटापासून तीन फुटांपर्यंत खाली आणलेली, म्हणजे बाल्कनीतल्या कुंडीत किंवा बागेतल्या वाफ्याच्या पुढच्या ओळीत बसेल अशी. सूर्यफूल मनावर घेतं तेव्हा किती वाढतं हे बघायचं तर २०१४ साली जर्मनीत एक झाड ९.१७ मीटरपर्यंत गेलं होतं, जवळजवळ तीन मजले! तेच झाड आठ इंची कुंडीत गुडघ्याएवढं राहून फुलतं, आणि ते का राहतं हे कळलं की कुंडीतल्या सूर्यफुलाच्या निम्म्या तक्रारी संपतात. "पाकिटावर दोन फूट लिहिलं होतं, माझं चार फूट झालं" किंवा उलट "टीचभर असतानाच फुललं" या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

उंची नेमकी कशाने ठरते

पहिली गोष्ट अर्थात वाण. खोडाच्या दोन पेरांमधलं अंतर वाढवायचं काम जिबरेलिन नावाचं संप्रेरक करतं. बऱ्याच बुटक्या झाडांत ते कमी तयार होतं किंवा झाड त्याला दाद देत नाही, त्यामुळे पेरं आखूड पडतात. पानं आणि फूल मात्र त्या मानाने मोठंच राहतं. सनस्पॉट नावाचा जुना वाण बघा, झाड दोन फुटांचं आणि फूल चांगलं पंचवीस सेंटीमीटरचं, लहान पोराच्या डोक्यावर आजोबांचा फेटा बांधल्यासारखं दिसतं. काहींना ते आवडतं, मला बेढब वाटतं, पण ते असो.

दुसरी गोष्ट दिवसाची लांबी, आणि ही बहुतेक लोक विसरतात. शोभेचे बरेच वाण दिवस लहान असला की लवकर कळी धरतात, आणि शेंड्याला कळी लागली की तिथली वाढ तिथेच आटोपते. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांपेक्षा मोठा असतो, मुंबईत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमध्ये तर अकराच तासांचा. परदेशी कंपनीच्या पाकिटावरची उंची बहुतेक तिकडच्या उन्हाळ्यातली असते, तेच बी आपण नोव्हेंबरात पुण्यात पेरलं तर झाड त्याच्या बरंच खाली थांबून फुलू शकतं. बी खराब नसतं, झाडाने दिवस मोजलेला असतो. शेतातल्या तेलाच्या वाणांना दिवस लहान-मोठा असण्याचं तेवढं काही पडलेलं नसतं, म्हणून तर ते आपल्याकडे खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेता येतं.

तिसरी गोष्ट कुंडी. मुळाला जागा कमी पडली की झाडही छोटं राहतं आणि फूलही.

आणि चौथी गोष्ट नर्सरीवाला सांगत नाही. दुकानात फुललेली, एकसारख्या उंचीची, गच्च पानांची सूर्यफुलाची कुंडी मिळते ना, त्यातल्या बऱ्याच झाडांना वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं, डॅमिनोझाइड फवारून नाहीतर पॅक्लोब्युट्राझोल देऊन. हे दुसरं नाव कोकणातल्या आंबेवाल्यांना नवं नाही, हापूसला मोहोर यावा म्हणून बुंध्याशी घालतात ते कल्टार म्हणजे हेच. दोन्ही औषधं जिबरेलिन तयार व्हायच्या वाटेतच अडथळा आणतात. म्हणजे असल्या कुंडीतलं झाड जातीने बुटकं असेलच असं नाही, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं आणि ते छातीपर्यंत वाढलं तर नवल करू नये. सूर्यफुलाच्या पाकळ्या खातात, सॅलडवर वगैरे टाकतात, पण विकत आणलेल्या शोभेच्या कुंडीतल्या पाकळ्या खाऊ नयेत. डॅमिनोझाइड अमेरिकेत पूर्वी ॲलार या नावाने सफरचंदावर फवारायचे, १९८९ मध्ये तिथे खाण्याच्या पिकांवरचा त्याचा वापर बंद झाला.

बागेत आलं कुठून

सूर्यफूल मूळचं उत्तर अमेरिकेचं, तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजार वर्षांपूर्वीच ते लागवडीखाली आणलं होतं, खाण्यासाठी आणि तेलासाठी. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात बी युरोपात नेलं आणि तिकडे ते आधी निव्वळ नवलाई म्हणून वाढवलं गेलं. लंडनच्या होबर्नमधल्या आपल्या बागेत एक झाड १४ फूट गेल्याचं जॉन जेरार्ड या वनस्पतींच्या अभ्यासकाने १५९७ साली लिहून ठेवलंय, फुलाचं वजन आणि रुंदीसुद्धा मोजून. म्हणजे सुरुवातीला कौतुक होतं ते उंचीचंच. (क्लिटी नावाच्या अप्सरेचं सूर्यफूल झालं ही ग्रीक कथा सगळीकडे सांगतात, पण त्या काळी युरोपात सूर्यफूल नव्हतंच, कथेतलं फूल दुसरं.)

इंग्लंडमधलं कॉटेज गार्डन म्हणजे खेड्यातल्या छोट्या घरापुढची बाग, जिथे भाजी, औषधी झुडपं आणि फुलं एकाच वाफ्यात दाटीवाटीने लावलेली असतात, आपल्याकडच्या परसबागेची सख्खी बहीण म्हणा. तिथे सूर्यफूल कुंपणाच्या किंवा भिंतीच्या कडेने, हॉलिहॉक या उंच फुलझाडाच्या शेजारी मागच्या रांगेत उभं असायचं. १८७०-८० च्या दशकांत तिथल्या सौंदर्यवादी कलावंतांनी सूर्यफूल आपलं चिन्हच करून टाकलं, फरशांवर, लोखंडी कठड्यांवर सगळीकडे तेच, आणि ऑस्कर वाइल्ड १८८२ मध्ये अमेरिकेत व्याख्यानं देत फिरला तेव्हा व्यंगचित्रवाले त्याच्या हातात हटकून सूर्यफूल द्यायचे. बुटके वाण आल्यावर मात्र जागा बदलली, मागच्या रांगेतलं झाड पुढे आलं, नॅस्टर्शियम आणि कॉसमॉसच्या बरोबरीला. पुढे मोकळी बागच आटली, घरं छोटी झाली, तसं ते कुंडीत आलं.

रंग आणि रूप

लाल-तपकिरी सूर्यफुलांची गोष्ट सांगायलाच हवी. १९१० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, बोल्डर गावात विल्मॅट कॉकरेल या शिक्षिकेला घराजवळ रस्त्याच्या कडेला तांबूस पाकळ्यांचं एकच रानटी झाड दिसलं. तिचा नवरा थिओडोर कॉकरेल तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक, मधमाशांचा मोठा अभ्यासक. दोघांनी ते झाड बागेत आणलं, पण रानटी सूर्यफूल स्वतःच्याच परागाने बी धरत नाही, म्हणून दुसऱ्या सूर्यफुलांशी संकर करून लाल रंग पुढच्या पिढ्यांत टिकवला. आज म्युझिक बॉक्स नावाच्या वाणाच्या मिश्र पाकिटात किंवा लिटल बेका या वाणाच्या दुरंगी फुलात जो लालसर तपकिरी पट्टा दिसतो त्याची सुरुवात त्या रस्त्याकडेच्या झाडापासून.

टेडी बेअर हा दोन-तीन फुटांचा वाण दिसतो सूर्यफुलासारखा कमी आणि गोंड्यासारखा जास्त, झेंडूच्या ढिगात ठेवला तर ओळखू येणार नाही. सूर्यफूल म्हणजे एक फूल नसून शेकडो फुलांचा गुच्छ असतो, बाहेर पाकळीसारखी वांझ फुलं आणि मधल्या तबकडीत बी धरणारी बारीक नळीची फुलं. टेडी बेअरमध्ये या नळीच्या फुलांच्या पण पाकळ्याच झाल्यात. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल इथे रंगवलेल्या चित्रांतली काही फुलंही अशीच दुहेरी आहेत, आणि या बदलामागचा जनुक २०१२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधला. दिसायला गोड, पण मधमाशांना त्यात फारसं काही मिळत नाही आणि बी कमी धरतं.

बिग स्माईल, सनी स्माईल, एल्फ, पॅचिनो हे फूट-दीड फुटातले, छोट्या कुंडीला हेच बरे. काही वाण मुद्दाम परागाशिवायचे काढलेले असतात, फुलदाणीतून टेबलक्लॉथवर पिवळी पूड सांडू नये म्हणून. त्यांना मध असतो त्यामुळे माशा येतात, पण पराग घेऊन जाता येत नाही. अलीकडे सनबिलिव्हेबल आणि सनफिनिटी असे भरपूर फांद्यांचे संकर आलेत, ते एक फूल देऊन संपत नाहीत, महिनोन् महिने फुलत राहतात. सनबिलिव्हेबल बी धरत नसल्याने त्याची कलमं करून रोपं विकतात, साहजिकच महाग.

आपल्याकडच्या बुटक्याबद्दल पण दोन शब्द. भारतात सूर्यफुलाची शेती १९६९-७० च्या सुमारास रशियन वाणांपासून सुरू झाली, आणि मग आला मॉर्डन, कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या मॉर्डन गावाच्या नावाचा, तीन फुटांच्या आसपास थांबणारा आणि लवकर येणारा. मराठी शेतीपत्रिकांत तो हमखास मॉडर्न म्हणून छापला जातो. तो शोभेचा नाही पण गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत चालून जातो. पोपटाच्या खाण्याचं म्हणून किराणा दुकानात मिळतं ते बी मात्र कुंडीत टाकू नका, उगवतं छान, पण वाढतं पुरुषभर आणि पहिल्या वाऱ्याला कुंडीसकट आडवं होतं.

लावायचं कसं

सूर्यफुलाचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि हलवलेलं त्याला आवडत नाही, म्हणून शक्यतो थेट कुंडीतच बी टोकायचं, एक-दोन सेंटीमीटर खोल, आठ-दहा दिवसांत उगवतं. फूटभर वाणाला सहा ते आठ इंची कुंडी पुरते, दोन-तीन फुटी वाणाला बारा इंच रुंद आणि तितकीच खोल हवी. माती, कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत सारख्या भागांत घेतलं तरी चालतं, फक्त खाली भोक मोकळं पाहिजे. पक्षी आणि खारी बी उकरून नेतात, कोंब फुटला की तोही खुडतात, तर पाण्याची बाटली अर्धी कापून वर उलटी ठेवायची.

ऊन रोज सहा-आठ तास, यात तडजोड नाही. कमी उन्हात बुटकं झाडही लांबट, लेचंपेचं होतं आणि मग लोक वाणाला शिव्या देतात. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानंच पानं, फूल उशिरा. एका दांड्यावर एकच फूल देणाऱ्या वाणाचा शेंडा खुडायचा नाही, खुडलात तर ते एक फूलही गेलं. फांद्यांचा वाण असेल तर सुकलेली फुलं काढत राहायची.

कुंडीतल्या एका झाडाची शोभा दोन-तीन आठवड्यांची, पेरल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास फूल येतं आणि मग संपतं. म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी दोन-तीन नव्या कुंड्या पेरत राहणं हाच खरा मार्ग. महाराष्ट्रात त्याला सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मंडळींना एप्रिलमध्ये घरात पेरून, मेअखेर थंडीचा कडाका संपल्यावर बाहेर काढावं लागतं, आणि तिकडे शत्रू नंबर एक गोगलगाय, एका रात्रीत ओळच्या ओळ साफ.

तोंड कुठे वळतं

फूल दिवसभर सूर्याच्या मागे फिरतं हे अर्धंच खरं आहे. फिरतो तो कोवळा शेंडा, दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते आणि रात्री पश्चिमेकडची, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला झुकलेलं झाड पहाटेपर्यंत परत पूर्वेला येऊन उभं. वाढ थांबली की हे फिरणं पण थांबतं आणि उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून राहतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की पूर्वेकडच्या फुलाला सकाळचं ऊन लवकर लागतं, ते लवकर तापतं आणि त्यावर माशा जास्त येतात. त्याच प्रयोगात रोज संध्याकाळी कुंड्या उलट फिरवून ठेवल्या तेव्हा झाडांची वाढ दहाएक टक्क्यांनी घटली.

आता बाल्कनीत याचा अर्थ काय? पूर्वेच्या बाल्कनीत फूल समोरच्या बिल्डिंगकडे बघणार आणि तुम्हाला पाठ. पश्चिमेच्या बाल्कनीत सकाळचं ऊनच नाही, तिथे झाड दुपारनंतरच्या उजेडाकडे बाहेरच झुकतं. दोन्हीकडे उपाय एकच, वाढत्या वयात कुंडी रोज गरागरा फिरवायची नाही, फूल पूर्ण उमललं की एकदाच घराकडे वळवून ठेवायची. जमिनीतल्या झाडाला ही सोय नाही, तिथे वाफाच असा करावा की बघणारा माणूस पूर्वेला उभा राहील.

रोग-किडी

मावा, फुलकिडे आणि पांढरी माशी, थोडे असतील तर पाण्याच्या फवाऱ्याने किंवा निंबोळी तेलाने भागतं. पावसाळ्यात पानांवर करप्याचे डाग येतात, थंडीत भुरी येते, दोन्हीला दाटी नको आणि संध्याकाळी पानांवर पाणी नको. शेंडा वेडावाकडा होऊन काळा पडला तर तो नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग असू शकतो. फुलकिडे तो पसरवतात आणि विषाणू काँग्रेस गवताच्या परागातून येतो, म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात उगवलेलं ते गवत आधी उपटा, आणि असं झाड ठेवू नका.

फूल संपल्यावर

संकरित वाणाचं बी धरून ठेवण्यात अर्थ नाही, पुढची पिढी उंचीला आणि रंगाला कशीही निघते. डोकं झाडावरच सुकू दिलं तर पोपट आणि चिमण्या येऊन बी खातात, आणि टरफलं कुंडीत सांडतात. ती टरफलं आणि जुनी मुळं मात्र तिथेच ठेवू नयेत, सूर्यफुलाच्या अवशेषांतून उतरणारी द्रव्यं दुसऱ्या बियांची उगवण दाबतात, म्हणून त्याच मातीत लगेच मेथी-कोथिंबीर टाकली तर ती विरळ उगवू शकते, माती उकरून मोकळी करून, पाणी देऊन काही आठवडे तशीच ठेवावी लागते.