साडेसात पायऱ्यांचा हिशेब

2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरवली ती अशी. साखर उतारा (उसाच्या वजनातून निघणारी साखर) 10.25 टक्के असेल तर क्विंटलला 355 रुपये. उतारा वाढला तर दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा, घटला तर दर 0.1 टक्क्याला तेवढेच कमी. ज्या कारखान्यांचा उतारा 9.5 टक्क्यांच्या खाली आहे तिथे कपात नाही, तिथल्या शेतकऱ्यांना 329.05 रुपये मिळतील. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात हे समजून घ्यायला कुणाला वकील लागत नाही. चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या टनाचा दर काढणारी माणसे इथे गावोगाव आहेत.

हीच चार वाक्ये आता मराठीतच यंत्रापुढे टाकता येतात. चॅटजीपीटी किंवा तत्सम कुठल्याही यंत्राला सांगायचे, ‘यावरून ऊस बिलाचा प्रोग्रॅम करून दे.’ मिनिटभरात वजनाचा रकाना, उताऱ्याचा रकाना, खाली रक्कम आणि छपाईचे बटण असलेले काहीतरी चालू होऊन समोर येते. पूर्वी याच कामाला सॉफ्टवेअरवाला आठवडे घ्यायचा, वर दर हंगामाला देखभालीचे पैसे घ्यायचा. त्यामुळे सोसायट्या, तोडणी कंत्राटदार, बेळगावच्या उद्यमबागेतले छोटे कारखानदार या यंत्रांकडे आशेने बघतात यात नवल नाही. मलाही हे तंत्र आवडते. पण त्याची परीक्षा कोड चालतो की नाही यावर होत नाही. कोड बहुतेक वेळा चालतोच. घोटाळा त्या चार वाक्यांत असतो.

समजा उतारा 11.38 टक्के आला. 10.25 च्या वर तो 1.13 ने आहे. म्हणजे 0.1 च्या पायऱ्या किती, अकरा की अकरा पूर्णांक तीन? अकराच धरल्या तर दर 393.06 रुपये होतो, अपुरी पायरीही मोजली तर 394.10. क्विंटलमागे रुपयाचाच फरक, पण टनामागे तो 10.38 रुपये होतो. दोनशे टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला 2,076 रुपये, आणि पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याला जवळपास 52 लाख. ‘दर 0.1 टक्क्याला’ या शब्दांतून दोन्ही अर्थ निघतात. यंत्र त्यातला एक निवडते आणि आपण काहीतरी निवडले हे सांगतही नाही.

पायऱ्या ‘पूर्ण’ मोजायच्या ठरल्या तरी आणखी एक खाच आहे. संगणक आकडे दहाच्या नव्हे, दोनच्या पायावर (फक्त 0 आणि 1 वापरून) साठवतो, त्यामुळे 0.1 हा आकडा त्याला तंतोतंत मांडता येत नाही. पायथॉनसारख्या प्रोग्रॅमच्या भाषेत 0.3 ला 0.1 ने भागले तर उत्तर 3 येत नाही, 2.9999999999999996 येते. त्यातला पूर्णांक घेतला की दोन. तिसरी पायरी शेतकऱ्याच्या बिलातून नाहीशी होते आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते.

मग सरकारच्या मनात कुठला अर्थ होता? उत्तर त्याच घोषणेत दडलेले आहे. 10.25 आणि 9.5 मधले अंतर 0.75, म्हणजे साडेसात पायऱ्या. साडेसात गुणिले 3.46 म्हणजे 25.95. 355 मधून ते वजा केले की बरोबर 329.05. सातच पायऱ्या मोजल्या असत्या तर 330.78 आले असते. आधीच्या हंगामाचे आकडेही तपासून बघा: 2024-25 ला दर 340, पायरी 3.32 आणि तळाचा दर 315.10. तिथेही साडेसातच निघतात. निदान उतरत्या बाजूला तरी अर्धी पायरी मोजायची हे ठरलेलेच होते. नियमाच्या शब्दांनी जे मोघम ठेवले ते एका आकड्याने पक्के केले.

तो आकडा किती कामाचा आहे बघा. समजा घोषणेत 329.05 लिहिलेच नसते, नुसते ‘9.5 च्या खाली कपात नाही’ एवढेच असते. शब्दाला शब्द धरणारा प्रोग्रॅम म्हणेल, कपात नाही म्हणजे पूर्ण 355 द्या. मग 9.6 उताऱ्याच्या कारखान्यापेक्षा 9.4 वाला जास्त दर देणार! माणूस यावर हसेल, कारण असा उलटा नियम कुणी करणार नाही हे त्याला ठाऊक असते. यंत्राला ते ठाऊक असेलच याचा भरवसा नाही.

साध्या भाषेतून प्रोग्रॅम मिळावा ही हौस जुनी आहे. ग्रेस हॉपर या अमेरिकी गणितज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात फ्लो-मॅटिक नावाची इंग्रजी वळणाची भाषा केली. व्यापाऱ्यांना, हिशेबनीसांना गणिती चिन्हे नकोत, त्यांना वाक्ये द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यातूनच पुढे 1959-60 मध्ये कोबोल आली आणि जगभरच्या बँकांचे हिशेब तिच्यावर चालू लागले. तिच्यात ‘मल्टिप्लाय’, ‘अ‍ॅड’, ‘मूव्ह’ अशी क्रियापदे असत. साहेबलोकांनाही प्रोग्रॅम वाचता येईल अशी अपेक्षा होती. साहेबांनी तो वाचला नाही, कोबोल येणाऱ्यांची एक नवी जात मात्र तयार झाली. 1981 मध्ये ब्रिटनमध्ये ‘द लास्ट वन’ नावाचे सॉफ्टवेअर विकायला आले. ते वापरणाऱ्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून बेसिक भाषेतला प्रोग्रॅम तयार करायचे. यानंतर दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागणार नाही, असे नावातच सुचवलेले. तो शेवटचा ठरला नाही हे सांगायला नकोच. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी तर 1970 च्या दशकातच या हौसेवर टीका केली होती. त्यांचे म्हणणे असे की गणिताची बंदिस्त चिन्हे हे ओझे नव्हे, सोय आहे; बोलीभाषेत अर्थहीन गोष्टही सहज बोलून जाता येते.

आजची यंत्रे या सगळ्यांपेक्षा वेगळी आहेत, कारण त्यांना व्याकरणाचे नियम कुणी हाताने भरलेले नाहीत. प्रचंड मजकूर आणि प्रचंड कोड वाचून ‘पुढे काय येण्याचा संभव आहे’ याचा अंदाज बांधायला ती शिकली. 2021 मध्ये ओपनएआय या कंपनीच्या कोडेक्स नावाच्या यंत्राला प्रोग्रॅम लिहायची 164 छोटी कोडी घातली, तेव्हा पहिल्या फटक्यात 28.8 टक्के सुटली. त्यानंतरच्या यंत्रांनी तीच कोडी जवळजवळ सगळी सोडवली. शिवाय आताची यंत्रे लिहिलेला कोड स्वतः चालवतात, चूक आली की वाचतात आणि दुरुस्त करतात. प्रगती खरी आहे. पण कोड्यात काय हवे ते पूर्ण लिहिलेले असते, व्यवहारात ते कधीच पूर्ण नसते. राहिलेल्या जागा यंत्र संभवाने भरते. शेतकी ऑफिसात नवा लागलेला कारकून अडला की ‘साहेब, हे कसं धरायचं?’ म्हणून विचारतो. यंत्राला तसे सांगून ठेवले नाही तर ते बहुधा विचारत नाही, ठोकून देते.

आणि सीमाभागात संभवच मुळी दुसरीकडचा असतो. यंत्राने वाचलेल्या मजकुरात आपल्या तालुक्यांचा वाटा किती असणार? जमिनीचेच घ्या. इकडे क्षेत्र एकर-गुंठ्यांत सांगतात, चाळीस गुंठ्यांचा एकर. एक एकर वीस गुंठे हे कुणी 1-20 लिहितो, कुणी सरळ 1.20. भावकीतल्या दोघांचे 1.20 आणि 1.30 यंत्राने मिळवले तर 2.50 येतील, म्हणजे त्याच्या लेखी अडीच एकर. खरे क्षेत्र तीन एकर दहा गुंठे. एक एकर पाच गुंठे कुणी 1.5 लिहिले तर यंत्र दीड एकर धरून मोकळे. त्यावरून एकरी सरासरी काढली, सरासरीवरून उसाची नोंद तपासली, की तोडणीचा कार्यक्रमच वाकडा. रकान्याला ‘क्षेत्र’ एवढेच नाव दिलेले असते आणि बाकी सगळे गावाला माहीत असते, म्हणून कुणी लिहीत नाही.

शिवाय एकाच घरचा ऊस काही कर्नाटकातल्या कारखान्याला, काही कोल्हापूरकडच्या कारखान्याला जातो. पहाणी (सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद) कन्नडमध्ये, सोसायटीतले बोलणे मराठीत, आणि ‘यंदाचा उतारा’ म्हणजे कुठल्या हंगामाचा हा वाद तर थेट कोर्टात गेलेला: चालू हंगामाचा उतारा हंगाम संपल्यावरच कळतो, म्हणून महाराष्ट्र सरकारने 2022 मध्ये एफआरपी हप्त्यांनी देण्याचा निर्णय काढला आणि 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर 15 टक्के व्याज, हा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियमही घ्या. चौदा दिवस प्रत्येक खेपेपासून वेगळे मोजायचे की पंधरवड्याच्या बिलापासून? सांगणारा ‘चौदा दिवस’ म्हणतो आणि पुढे जातो.

यावरची तोड निदान प्रोग्रॅमरांना ठाऊक आहे, आणि ती 329.05 च्याच जातीची आहे. नियमाबरोबर सोडवलेली उदाहरणे द्यायची. क्युकंबर नावाचे एक साधन यासाठीच आहे. त्यात अपेक्षा साध्या वाक्यांत लिहितात, वाक्यांचे आरंभीचे शब्द ठरलेले असतात. ते शब्द अनेक भाषांत उपलब्ध आहेत, त्यांत मराठी आहे आणि कन्नडही. ऊस बिलासाठी ते असे दिसेल:

परिदृश्य: तळाचा उतारा
जर हंगाम 2025-26 असेल
आणि कारखान्याचा उतारा 9.2 टक्के असेल
जेव्हा दर काढला जाईल
मग तो क्विंटलला 329.05 रुपये असावा

यामागे प्रत्येक ओळ खऱ्या प्रोग्रॅमला जोडणारा थोडा कोड लागतो, तो आता यंत्रच लिहून देते. गंमत अशी की ही पाच वाक्ये शेतकी खात्यातला कारकून स्वतः वाचू शकतो आणि ‘हे चूक आहे’ म्हणू शकतो, जे त्याला कोडबद्दल म्हणता येत नाही. अशी पंधरा-वीस उदाहरणे हवीत, आणि ती कडेची हवीत. उतारा 10.25 असताना, 10.26 असताना, 9.5 आणि 9.49 असताना. मधल्या सोप्या आकड्यांवर बहुतेक प्रोग्रॅम बरोबर येतात. एक उदाहरण मागच्या हंगामाचेही टाकावे, म्हणजे दर प्रोग्रॅममध्ये कायमचा कोरून ठेवला आहे की हंगामाप्रमाणे बदलतो हे कळते. थकलेले जुने बिल नव्या दराने निघाले तर कारखाना भांडेल, नवे जुन्या दराने निघाले तर शेतकरी. आणि ही उदाहरणे यंत्राकडूनच करून घेऊ नयेत. ज्या गैरसमजातून त्याने कोड लिहिला त्याच गैरसमजातून ते उत्तरेही लिहील, आणि दोन्ही एकमेकांशी छान जुळतील.

आणखी एक उपाय मला जास्त कामाचा वाटतो. पहिल्या फेरीत कोड मागायचाच नाही. नियम द्यायचे आणि म्हणायचे, ‘यातून काय काय कळत नाही ते विचार.’ वर आलेले पायऱ्यांचे, चौदा दिवसांचे, मागच्या-चालू हंगामाचे प्रश्न अशाने बाहेर येऊ शकतात. साखर शिल्लक असलेली मळी इथेनॉलकडे वळवली की कागदावरचा साखर उतारा घटतो, तो भरून धरायचा का, हाही प्रश्न येऊ शकतो, कारण त्याची चर्चा छापील मजकुरात भरपूर झालेली आहे. विजेच्या तारा घासून पेटलेल्या जळीत उसाला किती कपात लावायची आणि ती कुणाच्या सहीने माफ करायची, हे मात्र त्या कारखान्याच्या शेतकी खात्यातच विचारावे लागते, आणि तेही हंगाम सुरू व्हायच्या आधी.