सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर आधी कोण?

‘सिग्नल नाही ना, मग गाडीवाल्यानं थांबायची सक्ती नाही. पोरांनीच बघून पळायचं.’ शाळेच्या फाटकाशी हे वाक्य मी पालकांच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते साफ चुकीचं आहे.

देशभर लागू असलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत नेमकं उलटं लिहिलंय. नियंत्रण नसलेल्या पट्ट्यांजवळ येताना चालकानं वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्याला वाट द्यायची. व्हीलचेअरवरच्या माणसालाही. पुढं गाड्या तुंबल्या असतील तर पट्ट्यांवर गाडी आणून उभी करायचीही मनाई आहे.

मग पोरानं बघून पळावं, यात वाईट काय? वाईट हे, की त्याला दिसतच नाही. शाळेची बस थांबलेली असते, दुसरीतलं पोर पाठीवर दप्तर घेऊन तिच्या पुढून निघतं. त्याचं डोकं बसच्या बॉनेटच्या वर येत नाही. बाजूनं येणाऱ्या दुचाकीला ते दिसतं तेव्हा अंतर उरलेलं नसतं. म्हणून पुढची गाडी पट्ट्यांपाशी थांबली असेल, तर तिला ओलांडून जाऊच नका.

हिशेब करून बघा. ताशी ३० किलोमीटर वेगातली गाडी कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरांत थांबते. ५० च्या वेगात तर चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच १४ मीटर सरलेले असतात.

रंग पुसट झालेल्या पट्ट्यांऐवजी फुटपाथच्या उंचीचं, उंचवटा केलेलं क्रॉसिंग मागा. तिथं वेग आपोआप उतरतो.