आरटी की रूटमास्टर? जुनी लाल डबलडेकर हातात घेण्याआधी

लंडनची कुठलीही जुनी लाल डबलडेकर दिसली की आपल्याकडे लोक तिला रूटमास्टर म्हणून मोकळे होतात. मागे उघडा प्लॅटफॉर्म, पुढे एका बाजूला ड्रायव्हरची एकट्याची केबिन, दुसऱ्या बाजूला बॉनेट. एवढं जुळल्यावर गल्लत होणारच. पण त्यातल्या कित्येक गाड्या तिच्या आधीच्या पिढीतल्या, आरटी असतात. नुसता फोटो काढायचा असेल तर काही बिघडत नाही. गंजलेली बस शेडमध्ये लावून स्वतःच्या हाताने पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर मात्र ही दोन वेगळी कामं आहेत.

ओळखायला तोंडाकडे बघा. आरटीचा रेडिएटर उघडा, उभट, चकचकीत चौकटीचा असतो. रूटमास्टरचा रेडिएटर जाळीमागे दडलेला असतो आणि पुढचा सगळा भाग गोलसर, एकसंध दिसतो. आरटी साडेसात फूट रुंद, रूटमास्टर आठ फूट. आरटी 1939 मध्ये रस्त्यावर आली, युद्धानंतर हजारोंनी बनली आणि 7 एप्रिल 1979 ला लंडनच्या सेवेतून गेली. रूटमास्टर 1956 पासून प्रवासी नेऊ लागली, 1968 पर्यंत 2,876 बनल्या आणि 9 डिसेंबर 2005 ला नेहमीच्या मार्गांवरून उतरल्या.

खरा फरक पोटात आहे. आरटी म्हणजे एईसी कंपनीची रीजंट थ्री ही चासी (चाकं आणि इंजिन धरणारा खालचा सांगाडा) आणि तिच्यावर चढवलेली वेगळी बॉडी. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत चासीवर बॉडी बांधतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रचना लगेच कळेल. रूटमास्टरला चासीच नाही. ॲल्युमिनियमची बॉडीच सगळा भार पेलते. पुढे इंजिन, स्टीअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन धरणारी एक चौकट, मागे मागचा ॲक्सल धरणारी दुसरी, आणि दोन्ही थेट बॉडीला जोडलेल्या. युद्धाच्या काळात लंडनच्या बस चालवणाऱ्या लंडन ट्रान्सपोर्टने हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांच्या उत्पादनात भाग घेतला होता. हलक्या धातूचं ते ज्ञान या बसमध्ये उतरलं. म्हणून आरटीत 56 जण बसत तिथे रूटमास्टरमध्ये 64 बसले, तरी वजन जवळपास तेवढंच राहिलं. बस बांधण्याच्या इतिहासात मला यापेक्षा सुंदर हिशेब माहीत नाही.

काम करणाऱ्याला याचा अर्थ असा. आरटीच्या बॉडीच्या खांबांची बुडं कुजली, तरी खालची चासी शाबूत असू शकते. इंजिन, ब्रेक, कमानपाटे यांचं काम एकीकडे आणि पत्र्याचं काम दुसरीकडे चालू ठेवता येतं. रूटमास्टरमध्ये ॲल्युमिनियम जिथे पोलादाला टेकतं तिथे ओल आणि हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ शिरतं. वरचं पॅनेल साफ दिसतं, रिव्हेट काढून ते उचललं की आत पांढरी भुकटी, म्हणजे खाल्लं गेलेलं ॲल्युमिनियम, सापडते. ही भुकटी पेलणाऱ्या भागात निघाली तर बॉडीला नीट आधार दिल्याशिवाय पुढचा बोल्टही सोडू नये.

चालवण्यातही तसंच. आरटीला प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स आहे. स्टीअरिंगजवळच्या छोट्या दांड्याने पुढचा गिअर आधी निवडून ठेवायचा. गिअर तेव्हा पडत नाही. नंतर, हवा तेव्हा, डाव्या पायाचं पेडल दाबलं की पडतो. ते पेडल क्लचच्या जागी असलं तरी क्लच नव्हे, आणि आपला पाय सवयीने तिथे क्लचच शोधतो. ब्रेक हवेचे, स्टीअरिंगला मदत नाही, त्यामुळे वळणावर दंड भरून येतात. रूटमास्टरला पॉवर स्टीअरिंग, हायड्रॉलिक ब्रेक, कॉइल स्प्रिंग आणि आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. चालवायला आराम, पण बिघाड शोधायला विजेच्या तारा आणि तेलाच्या नळ्या दोन्ही समजायला हव्यात.

‘मूळची’ बस म्हणजे कोणती, हा वाद दोन्हींच्या बाबतीत होतो. लंडन ट्रान्सपोर्टच्या ऑल्डनहॅमच्या कार्यशाळेत, जी 1986 मध्ये बंद झाली, ओव्हरहॉलला आलेल्या बसची बॉडी उचलून घेत आणि त्याच नंबरची बस दुसरीच बॉडी घालून बाहेर पडे. तेव्हा नंबर जुना म्हणून पत्राही पहिल्या दिवसाचा, असं धरून पैसे मोजू नका. रूटमास्टरवर आणखी एक थर चढला आहे. 1990 च्या दशकात कित्येक गाड्यांचं एईसी इंजिन काढून कमिन्स किंवा इव्हेको कंपनीचं बसवलं, आत ट्यूबलाइट आल्या, सीटचं कापड बदललं. त्यामुळे तिथे बरंचसं काम नंतर घातलेलं काढण्याचं असतं. माझ्या मते नवं इंजिन धडधाकट असेल आणि बस लोकांना फिरवायला वापरायची असेल, तर ते तसंच राहू द्यावं. कामाच्या माणसांनी केलेले बदलही त्या बसच्याच आयुष्यातले आहेत.

चार-पाच जणांचा गट पहिल्यांदाच हात घालणार असेल तर मी रूटमास्टर सुचवीन. गाड्या जास्त उरल्या आहेत, त्यामुळे भाग आणि जाणकार दोन्ही मिळण्याची शक्यता अधिक. यंत्र मुळापासून शिकायचं असेल तर आरटी. बघायला जाताना टॉर्च आणि टोचा घ्या. आरटीत खालच्या मजल्याच्या खांबांची बुडं टोचून बघा, रूटमास्टरमध्ये दोन्ही चौकटी बॉडीला जिथे जोडल्या आहेत त्या जागा. रंग शेवटी बघा.