जॉनी रॉकेट्स

जॉनी रॉकेट्स : हॅम्बर्गर, फ्रेंच फ्राइज आणि मिल्कशेक देणारी अमेरिकी उपाहारगृह-साखळी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील ‘डायनर’चे, म्हणजे लांब काउंटरपुढे स्टुलांवर बसून खाण्याच्या साध्या अमेरिकी खाणावळीचे, रूप तिने जाणीवपूर्वक उचलले आहे. पुरुषांच्या कपड्यांच्या व्यापारात नाव कमावलेले रॉन टाइटलबॉम यांनी ६ जून १९८६ रोजी लॉस अँजेलिसच्या मेलरोज ॲव्हेन्यूवर पहिली शाखा उघडली, तेव्हा तिथे काउंटरला लागून वीस स्टुले होती. नावातला ‘जॉनी’ हा गावोगाव सफरचंदाची रोपे लावत हिंडणारा, लोककथांतून अमर झालेला जॉनी ॲपलसीड. ‘रॉकेट’ आले ते ओल्ड्‌समोबील कंपनीच्या ‘रॉकेट ८८’ या मोटारीवरून.

या साखळीला डायनर म्हणावे का, हा वादाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी डायनरच्या उगमाकडे जावे लागते. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट याने १८७२ मध्ये घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणे विकायला सुरुवात केली, तोच आरंभ असे बहुतेक जण मानतात. पण स्कॉटची गिऱ्हाइके गाडीबाहेर उभी राहून खात. पावसापाण्यात आत शिरून खाता येईल अशी गाडी सॅम्युएल जोन्स याने १८८७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथे आणली. विक्रेता आणि गिऱ्हाईक एका छपराखाली येणे हेच डायनरचे मर्म धरले, तर वुस्टरचा दावा अधिक सबळ ठरतो. त्याच शहरात चार्ल्स पामर याने १८९१ मध्ये अशा गाडीच्या रचनेचे पेटंट घेतले आणि १९०६ मध्ये अशा गाड्या बांधणारी वुस्टर लंच कार कंपनी उभी राहिली. न्यू जर्सीत जेरी ओ’माहोनी यांचा कारखाना पुढे याच धंद्यात मोठा झाला.

डायनर म्हणजे रेल्वेचे किंवा ट्रामचे भंगारात काढलेले डबे, ही समजूत फार पसरलेली आहे. काही जुन्या ट्राम खाणावळी झाल्या हे खरे. पण बहुतांश डायनर मुळातच खाणावळ म्हणून कारखान्यात बांधले गेले. ‘डायनर’ हा शब्द मात्र रेल्वेच्या ‘डायनिंग कार’चेच लघुरूप असावा, तो १९२० च्या दशकात रूढ झाला असे दिसते. काटेकोर अभ्यासक कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून ठेवलेल्या वास्तूलाच डायनर म्हणतात. या बांधणीतूनच त्याचे रूप घडले. डबा रस्त्याने किंवा रेल्वेने न्यायचा म्हणून रुंदी बेताची. रुंदी बेताची म्हणून लांबच लांब काउंटर, त्यापुढे जमिनीत पक्की केलेली एकखांबी स्टुले, आणि स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. चकचकीत स्टेनलेस स्टीलचा पत्रा आला तो १९३०–४० च्या दशकांत.

या कसोटीवर जॉनी रॉकेट्स डायनर ठरत नाही. मॉलमधल्या गाळ्याला रुंदीचे बंधन नसते. तिथला काउंटर गरजेपोटी नव्हे, आठवणीपोटी आलेला असतो. खाद्यपदार्थांचे खरे मूळही वेगळेच आहे. लॉस अँजेलिसच्या वेस्ट पिको बुलेव्हार्डवर १९४७ पासून चालत आलेले ‘ॲपल पॅन’ हे इंग्रजी यू आकाराच्या काउंटरचे हॅम्बर्गरगृह टाइटलबॉम यांच्यासमोर नमुना म्हणून होते. डायनरची व्यापक व्याख्या स्वीकारणारे जॉनी रॉकेट्सला ‘रेट्रो डायनर’, म्हणजे जुन्या धाटणीचा डायनर, म्हणतात. हे नाव सोयीचे आहे आणि रूढही झाले आहे.

लाल रेक्झिनची स्टुले, क्रोमच्या पट्ट्या, पांढऱ्या गणवेशावर कागदी टोपी घातलेले वाढपी ही शाखांची ओळख. वाढपी छोट्या कागदी बशीत केचपने दोन डोळे आणि हसरे तोंड काढून ती बशी फ्राइजसोबत पुढे ठेवतो. टेबलावरच्या छोट्या ज्यूकबॉक्सवर पाच सेंटचे नाणे टाकून गाणे निवडायचे, आणि एखादे गाणे लागले की वाढपी हातातले काम ठेवून नाचू लागतात. शाकाहारी बर्गरला ‘स्ट्रीमलाइनर’ हे १९३० च्या दशकातील वेगवान आगगाड्यांचे नाव दिलेले आहे.

या सजावटीत जो काळ उभा केला जातो, त्याची एक बाजू तीत येत नाही आणि ती नोंदवणे आवश्यक आहे. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत अशा काउंटरवर कृष्णवर्णीयांना बसू दिले जात नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली, ती नाकारली गेली, तरी दुकान बंद होईपर्यंत ते स्टुलांवरून उठले नाहीत. तिथून हे आंदोलन इतर शहरांत पसरले. त्या काउंटरचा एक भाग आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात स्टुलांसह जपलेला आहे.

साखळीची मालकी पुढे अनेकदा बदलली. २०२० मध्ये ती फॅट ब्रँड्स या कंपनीने विकत घेतली. अमेरिकेबाहेरही तिच्या शाखा निघाल्या, तसेच रॉयल कॅरिबियन कंपनीच्या काही प्रवासी जहाजांवरही.